झिजत्या धारेचे नियम

मनीषनगर, नागपूर
१४ जानेवारी २०२४

प्रिय प्रीतम,
सप्रेम जयभीम.

तू फोन उचलत नाहीस, व्हॉट्सअ‍ॅपवर मला बंद करून ठेवलंस, ईमेलला उत्तर नाही. म्हणून कागद घेतला. पोस्टमन काही तुझ्या सांगण्यावरून परत फिरणार नाही. पत्ता कोणी दिला विचारू नकोस. कोइमतूरच्या तुझ्या कॉलेजच्या वेबसाइटवर तुझा फोटो आहे, त्याखाली विभागाचं नाव आहे, मी तेवढ्यावरच पत्र टाकते आहे. दाढी ठेवलीस. आईला दाखवला फोटो. "वाळला," म्हणाली. मग चष्मा लावून पुन्हा बघितला आणि स्वतःच म्हणाली, "नाही वं, दाढीनं तसा दिसून राहिला."

बातमी अशी की आपलं पेटंटचं अपील उच्च न्यायालयात सुनावणीला लागलं आहे. 'आपलं' म्हटलं म्हणून चिडू नकोस. अपील वर्कशॉपच्या नावानं आहे, सही माझी आहे, तुला कुठंही उभं राहायचं नाही. पण शोध लावणाऱ्यांमध्ये पहिलं नाव तुझं आहे. ते मी खोडू शकत नाही आणि खोडणारही नाही.

तू गेलास तो दिवस मी विसरले नाही. बॅग दाराशी होती, आई स्वयंपाकघरातून बाहेर यायला तयार नव्हती. तू म्हणालास, "त्यानं बरोबर लिवलं ताई. नियम म्हणजे नियम. ते कोणाचे नसतात. मले परत कोणासमोर उभं नको करू." पेटंट कार्यालयातल्या त्या अधिकाऱ्याचा मला राग नाही. त्याच्यासमोर ढीगभर अर्ज असतील. त्यानं कायद्याचं कलम काढलं, 'हा संगणकात लिहिलेला नियमांचा नुसता संच आहे' असं लिहून आपला अर्ज नामंजूर केला आणि पुढच्या अर्जाकडे वळला. पण तू त्या सुनावणीसाठी इस्त्रीचा शर्ट घातला होतास. स्क्रीनसमोर बोलायला सुरुवात केलीस आणि तुझं वाक्य अर्धं असतानाच 'पुढचा मुद्दा' असं आलं. मी शेजारी बसले होते. तुझी मान कशी खाली गेली ते मी पाहिलं.

वकील मिळाली आहे. वेदिका बक्षी नाव, सिव्हिल लाइन्सला ऑफिस. आधी इंजिनिअर झाली, मग वकील. पहिल्याच भेटीत म्हणाली, "ताई, मले असं सांगा जसं घरी आईले सांगाल."

मग मी सांगितलं. टायटॅनियमसारखा चिवट धातू कापताना मशीनचं टूल, म्हणजे कापणारी धार, झिजतं. झिजलं की त्याचा आवाज बदलतो, मोटरवरचा लोड बदलतो. आमची संगणकाची पेटी मशीनला जोडली की ती तो आवाज ऐकते, तो लोड बघते आणि नियमांप्रमाणे वेग कमीजास्त करते. लोड हळूहळू चढतोय पण आवाज तोच, म्हणजे धार बोथट होते आहे, टूल जरा सावकाश पुढे सरकव. आवाज एकदम चढला पण लोड तोच, म्हणजे टूल थरथरतं आहे, फिरण्याचा वेग बदल. असे पुष्कळ नियम. कधी दोन नियमांचं भांडण लागतं, एक म्हणतो हळू, दुसरा म्हणतो जोरात. तेव्हा कोणाचं चालणार हे टूल किती झिजलंय त्यावर ठरतं.

इथे तिनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे नव्या टूलपाशी एक नियम मोठा, अन् जुन्या टूलपाशी दुसरा?"

"हो."

"अन् मधात?"

"मधात ते हळूहळू जागा बदलतात. हे माझ्या भावाचं आहे."

तिनं नामंजुरीचा आदेश पुन्हा काढून पहिल्यापासून वाचला आणि म्हणाली, "यात याचा एक शब्द नाही. हे कोणी वाचलंच नाही, ताई."

आणखी एक. एका मोठ्या मशीन कंपनीचं नवं माहितीपत्रक आलं आहे. त्यात 'झिजेप्रमाणे बदलणारे नियम' अशी ओळ आहे. त्यांनी स्वतः शोधलं असेल, मी कोणाला चोर म्हणत नाही. पण अपील हरलो तर उद्या लोक आपली पेटी बघून म्हणतील, ही त्यांची नक्कल. तुला ते चालेल का, हा प्रश्न मी विचारणार नाही. मला चालणार नाही.

आई बरी आहे. सध्या जिना चढत नाही एवढंच. भिवापूरची मिरची आणून कुटली आहे, वेगळ्या पार्सलनं पाठवते.

तुझी ताई,
सत्यवती


मनीषनगर
२२ फेब्रुवारी

प्रिय प्रीतम,

मिरचीचं पार्सल तू सही करून घेतलंस. पोस्टाच्या साइटवर दिसलं. आईला सांगितलं तर दिवसभर खुशीत होती, जसा काही तू जेवूनच गेलास.

परवा पहिली सुनावणी झाली. वेदिकाच्या ऑफिसातून, स्क्रीनवर. मी मागच्या खुर्चीत होते. मला वाटलं होतं आपला नंबर येईल, दोन वाक्यं होतील, पुढची तारीख मिळेल. तीन तास बसून राहिलो. आपल्या आधी कोणाचं जमिनीचं, कोणाचं बिस्किटाच्या नावाचं. मग आपलं पुकारलं.

न्यायमूर्ती बाई आहेत. पांढरे केस मागे बांधलेले, आवाज इतका हळू की वेदिकानं स्पीकर मोठा केला. सगळं इंग्रजीत चाललं होतं, मी माझ्या भाषेत सांगते. पेटंट कार्यालयाचे वकील आधी बोलले आणि चांगलं बोलले, हे कबूल करते. म्हणाले, "रस्त्यावर डावीकडून चला हाही नियमच आहे. तो ज्यानं लिहिला, त्याच्या मालकीचा रस्ता होत नाही." कोर्टात कोणीतरी हसलं. मला तू आठवलास. तूही हेच म्हणाला होतास, फक्त रस्त्याचं उदाहरण नव्हतं.

मग वेदिका बोलली. धातूवर परिणाम होतो, टूल जास्त टिकतं, पृष्ठभाग गुळगुळीत येतो. बाई ऐकत होत्या, पानं उलटत होत्या. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "समजा हे नियम मी कागदावर लिहून एखाद्या अनुभवी कारागिराच्या हातात दिले. तोही हेच करेल ना? मग तुमच्या अशिलानं शोध लावला की सल्ला लिहिला?"

वेदिका काहीतरी बोलायला गेली तेव्हा बाई म्हणाल्या, "घाई नको. मला उत्तर हवं आहे, वाक्य नको. आणि ते तुमच्या मूळ अर्जातून दाखवा." तारीख दिली एप्रिलची.

प्रीतम, मी त्या प्रश्नानं घाबरायला हवं होतं. घाबरले नाही. उलट अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत आपल्याला इतका नीट प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. 'किती विकलं', 'कोण घेतं', 'सरकारी योजना आहे का', हे सगळ्यांनी विचारलं. ही बाई आयुष्यात कधी मशीनसमोर उभी राहिली नसेल, पण बरोबर त्या जागी बोट ठेवलं जिथे मलाही उत्तर माहीत नाही.

तुला माहीत असेल. लिही. एक ओळ लिही, नाव घालू नकोस हवं तर.

सत्यवती


मनीषनगर
१८ मार्च

प्रीतम,

तुझी ओळ आली नाही. मी वाट पाहिली आणि मग ठरवलं, स्वतःच बघू. कारागीर म्हणजे कोण? मीच की. डिप्लोमा झाल्यापासून मशीनसमोर उभी आहे. बाई विचारतात ना, कागद कारागिराच्या हातात दिला तर? माझ्या हातात देऊन बघू.

काल रविवार होता, हिंगण्याचं वर्कशॉप बंद. सकाळीच गेले. तुझी पेटी मशीनपासून सोडवली. नियमांचा तक्ता मोठ्या अक्षरांत छापून मशीनच्या दारावर चिकटवला, तसा तो मला पाठच आहे. टायटॅनियमचा तुकडा बांधला, नवं टूल लावलं, डावा हात फिरण्याच्या वेगाच्या बटणावर, उजवा टूल पुढे सरकवण्याच्या बटणावर. डोळे लोड मीटरवर, कान आत. कूलंटचं पाणी सुरू केलं आणि लावलं मशीन.

पहिला भाग इतका छान गेला की मी मनात म्हटलं, संपलं, हरलो आपण. बाईंचं खरं आहे. नवं टूल, मोठा नियम एकच, मी पाळत होते. लोड किंचित चढला, मी टूल सावकाश सरकवलं. आवाज फुटला, मी वेग बदलला. कारागीर करू शकतो हे. कोणीही करू शकतो.

मग टूल मध्यम वयाला आलं.

आधी एक नियम म्हणाला हळू. मी हळू केलं. तेवढ्यात दुसरा म्हणाला जोरात. मी तक्त्याकडे बघितलं, झीज किती, कोणाचं चालणार, आणि हात फिरवेपर्यंत आवाज पुढे निघून गेला होता. मी एकाला उत्तर देत होते तोवर तिसराच बोलत होता. प्रीतम, मला सगळे नियम पाठ होते. एकही चुकीचा पाळला नाही. प्रत्येक वेळी मी बरोबर होते आणि प्रत्येक वेळी उशिरा होते. जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, आडव्या लाटा उठायला लागल्या. मग आतून फाटकन आवाज झाला आणि टूल तुटलं. काचेच्या दाराच्या आत होतं, काही लागलं नाही.

चहा करून प्यायले. मग तुझी पेटी परत जोडली. तसाच तुकडा, तसंच टूल. दोन्ही हात खिशात घातले आणि नुसती उभी राहिले.

मी हे मशीन रोज चालवते. पण काल पहिल्यांदा बघितलं असं वाटलं. मध्यम वयाची ती जागा आली तेव्हा मी मशीनच्या अंगावर तळवा ठेवला. गाईच्या पाठीवर माशी बसली की तिची तेवढीच कातडी थरथरते आणि शांत होते, गाय मान वळवून बघतसुद्धा नाही, तसं लोखंडाच्या आत होत होतं. थरथर उठायची आणि मी ती ओळखायच्या आत नाहीशी व्हायची. स्क्रीनवर बघितलं तर नियम जागा बदलत होते, कोणाचं चालणार ते पुन्हा पुन्हा ठरत होतं, टूलची एक फेरी पूर्ण व्हायच्या आत. आवाज चढण्याऐवजी खाली खाली येत गेला, शेवटी तर घुमल्यासारखा. धातूच्या चिपा एकसारख्या निळ्या पडत होत्या. टूल म्हातारं झालं होतं आणि तरी कापत होतं, जपून, जोर न लावता.

दार उघडून जॉब पुसला. त्यात माझं तोंड दिसलं. कपाळावर कूलंटचा शिंतोडा होता, तोही दिसला.

मी तिथे स्टुलावर बसले आणि मला रडू आलं, पण दुःखाचं नाही. हे माझ्या भावानं केलं आहे, एवढंच सारखं मनात येत होतं. लहानपणी ज्याच्या चपलांचे अंगठे मी शिवून दिले, त्यानं लोखंडाला शहाणपण दिलं आणि मी इतकी वर्षं त्याला नुसतं 'पेटी नीट चालते' म्हणत होते.

वेदिकाला फोन केला. ऐकून ती म्हणाली, "ताई, भारीच आहे हे. पण कोर्टात चालणार नाही. नवीन पुरावा नाही देता येत. आधीच अर्जात पाहिजे."

"मग?"

"मले वाचू द्या."

संध्याकाळी तिचा फोन आला. तुझी सातवी आकृती आहे ना, दोन रेषा एकमेकींना पुन्हा पुन्हा छेदत जातात ती? खाली तू लिहिलं आहेस की ही सगळी अदलाबदल टूलच्या एका फेरीच्या आत होते. आदेशात सहाव्या आकृतीपर्यंत लिहिलं आहे, मग एकदम निष्कर्ष. वेदिका म्हणाली, "तुमचा भाऊ उत्तर देऊनच गेला होता, ताई."

आईबद्दल एक सांगायचं राहिलं. ती डिसेंबरमध्ये पडली, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन चालते, घाबरू नकोस. आधी लिहिलं नाही कारण तू लगेच आला असतास. आईसाठी येऊन, डोकं खाली घालून, दोन दिवसांत निघून गेला असतास. मला तसा नको होतास.

सत्यवती


मनीषनगर
२० एप्रिल

प्रीतम,

मुंबईहून काल परत आले. स्क्रीनवर नको, मला समोर उभं राहून बघायचं होतं. वेदिकाही म्हणाली, चला.

उच्च न्यायालयाचे दगडी जिने चढताना बाबा आठवले. मिलमधला फिटर माणूस, पण कायद्याचं पुस्तक दिसलं की आधी हात धुवायचे. आपण हसायचो. मी कोर्टरूमच्या दाराशी पोचले आणि माझे हात आपोआप पदराला पुसले गेले. काळे कोट, लाकडाचा वास, आणि इतकी माणसं असून आवाज नाही. मागच्या बाकावर जागा मिळाली.

आपलं पुकारलं. बाईंनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "माझा प्रश्न होता." त्यांच्या लक्षात होता, प्रीतम! मधल्या काळात किती खटले झाले असतील.

वेदिका उठली. म्हणाली, "कारागीर नियम वाचतो आणि मग हात चालवतो. तो करू शकेल का, तर सुरुवातीला हो, करेल. पण या अर्जातले नियम कोणी वाचून पाळायचे नियमच नाहीत. टूलच्या झिजेनं नियमांचा क्रम बदलतो आणि त्या क्रमानं टूलची झीज बदलते. दोन्ही एकमेकांना घडवतात, एका फेरीच्या आत. मशीनमधून हे टूल काढून घेतलं तर कागदावर उरतात ती अर्धी वाक्यं. कृपया सातवी आकृती बघावी."

समोरचे वकील उठले. म्हणाले, "म्हणजे फक्त वेग. माणूस हळू, संगणक जलद. जलद केलं म्हणून शोध होत नाही."

हे ऐकून मी पुढे वाकून वेदिकाकडे बघितलं. कारण हेही खरं वाटतं ना? बाईंनी हात वर करून दोघांना थांबवलं. चष्मा लावला. आकृतीचं पान जवळ घेतलं आणि पेन्सिलीचं मागचं टोक त्या रेषांवरून फिरवायला लागल्या. पहिला छेद, दुसरा, तिसरा. तू ज्या क्रमानं काढल्या असशील त्याच क्रमानं. कोर्टात पंख्याचा आवाज येत होता. कारकून वर बघत होता.

मग बाई कोणाकडेही न बघता, जसं स्वतःशीच, म्हणाल्या, "म्हणजे हे नियम टूलबरोबर म्हातारे होतात."

प्रीतम, हे वाक्य अर्जात नाही. मी सगळा अर्ज पुन्हा वाचला आहे, कुठेही नाही. हे वाक्य तू म्हणाला होतास, गच्चीवर, आई वाळवणं उचलत होती तेव्हा. तू माझ्या अंगावर ओरडलासच, "ताई, समजून राहिली का तू? नियम टूलसंगं म्हातारे होतात!" आणि आई म्हणाली होती, "हळू बोल गा, पापड उडतील." तिघांशिवाय कोणी ऐकलं नव्हतं ते. आणि ज्या बाईनं कधी मशीन चालवलं नाही, ती तुझ्या रेषांवरून चालत चालत बरोबर त्याच ठिकाणी पोचली. तू जे पाहिलंस ते खरोखर त्या कागदात होतं. कोणी शांतपणे बघितलं तर दिसणार होतं.

बाई समोरच्या वकिलांना म्हणाल्या, "इथे वेग हा मुद्दा नाही. आदेश देणाऱ्यानं हे पान बघितलं होतं का?" ते प्रामाणिक माणूस. कागद चाळले आणि म्हणाले, "आदेशात त्याचा उल्लेख दिसत नाही." निकाल राखून ठेवला.

बाहेर आल्यावर ते वकील माझ्यापाशी थांबले. मला वाटलं काही टोचून बोलतील. त्यांनी विचारलं, "ते मशीन बघायला मिळेल का कधी?" मी म्हटलं, या नागपूरला.

निकाल काय लागेल माहीत नाही. हरलो तरी हे झालं, हे मला तुला सांगायचं होतं.

सत्यवती


मनीषनगर
२८ जून

प्रीतम,

निकाल लागला. नामंजुरीचा आदेश रद्द. 'नियमांचा नुसता संच' हा आक्षेप टिकत नाही, अर्ज पुढे न्यावा, असं लिहिलं आहे. पूर्ण प्रत सोबत जोडली आहे. अजून पेटंट हातात नाही, कार्यालयात बाकीची तपासणी व्हायची आहे, वेदिका म्हणते उड्या मारू नका. मी मारल्या. वर्कशॉपमध्ये लहानूला आणि बाकीच्या कामगारांना पेढे वाटले. ते म्हणाले, "मॅडम, पण हे चालतच होतं ना आधीपासून?" त्यांचंही खरं आहे.

आईला निकाल वाचून दाखवायला बसले. इंग्रजीतून मराठी करत करत. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "त्याचं नाव कुठं आहे?" मी दाखवलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण तिनं त्या जागेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"म्हणजे कायद्यानं मानलं?"

"मानलं, आई."

"मग तो काहून नाही मानत?"

चौदाव्या परिच्छेदापासून वाच. तिथे तुझ्या आकृतीबद्दल लिहिलं आहे. दोन पानं लिहिलं आहे, प्रीतम. तुला अर्धं वाक्य बोलू दिलं नव्हतं, त्यावर बाईंनी दोन पानं लिहिली आहेत.

सत्यवती


मनीषनगर
१९ जुलै

प्रिय प्रीतम,

काल तुझा फोन आला. खरं तर आता पत्राची गरज नाही, पण फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

अनोळखी नंबर होता, मी मशीनपाशी होते, कोणी व्यापारी असेल म्हणून "बोला" म्हटलं. तिकडून "ताई" ऐकू आलं. मी काय बोलले मला आठवत नाही. बहुतेक जेवलास का विचारलं. एवढ्या वर्षांनी हेच सुचलं.

तू निकालाबद्दल एक शब्द बोलला नाहीस. आईबद्दल विचारलंस, मी सांगितलं. मला वाटलं आता ठेवतोस. आणि तू म्हणालास, "मशीन चालू आहे का?"

"आहे. टायटॅनियमच लागलं आहे."

"टूल कसं आहे?"

"म्हातारं."

"ऐकव."

मी फोन मशीनच्या दारापाशी धरला. हात अवघडला तर दुसऱ्या हातात घेतला. लहानू काही विचारायला आला, मी बोटानं त्याला गप्प केलं. सबंध जॉब संपेपर्यंत तू काही बोलला नाहीस. मला तुझा श्वासही ऐकू येत नव्हता, मध्ये एकदा वाटलं फोन कटला. मीही पहिल्यांदा असं डोळे मिटून ऐकलं, तू काय ऐकत असशील ते ऐकायचा प्रयत्न करत. तो घुमण्याचा आवाज आला, खाली खाली गेला. मशीन थांबलं. कूलंट टपकत राहिलं.

मी फोन कानाला लावला. तू रडत होतास की नाही ते विचारणार नाही. तू म्हणालास, "शेवटी शेवटी जरा अडखळून राहिलं ताई. ऐकलं का तू? अजून एक नियम लागंल तिथं."

मला काही अडखळलेलं ऐकू आलं नाही. आज सकाळी पुन्हा लावून बघितलं, खूप लक्ष देऊन. शेवटच्या फेऱ्यांत, अगदी बारीक, आहे. जेमतेम आहे. तू ते फोनवरून, अर्धा देश मध्ये असताना ऐकलंस.

काल फोनवर मी म्हटलं, "मग सांग, मी लावते नियम."

तू म्हणालास, "असा सांगून नाही होत. हात ठेवून पाहा लागते. मी येऊन राहिलो."

आईला सांगितलं तर तिनं वॉकर बाजूला ठेवला आणि भिंतीला धरून तुझ्या खोलीपर्यंत गेली, चादर बदलायला. मी ओरडले, ऐकलं नाही.

तू सोमवारी येशील, त्या दिवशी मशीनवर कोणतंच काम लावत नाही, तुझ्यासाठी मोकळं ठेवते. हे पत्र आज टाकते आहे. ते कोइमतूरला पोचेल तेव्हा तुझ्या तिथल्या खोलीला कुलूप असावं.

तुझी ताई,
सत्यवती